पातेल्याला चव आली कुठून

क्रेनवाल्याला खाली उतरवलं ते रक्तदाबाने. बाकी कुणाची तेवढी टाप नव्हती. अठरा वर्षं तो टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसत आला होता. सकाळी घरी ‘चढतोय’ एवढा फोन करायचा, शिडी चढायची, त्या काचेच्या खोक्यात बसून सळ्यांचे भारे आणि काँक्रीटच्या बादल्या इकडच्या तिकडे ठेवायच्या आणि संध्याकाळी उतरायचं. वरून सगळं कळायचं. कुठला ट्रक कुठे अडकलाय, कोणता मुकादम कुणावर डाफरतोय, जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच कोण हात धुऊन बसलाय, सगळं. खाली पाय टेकला की मात्र आपलं डोकं चालेनासं होतं, असं तो स्वतःच सांगे, आणि घरात त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

त्या वर्षीच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला आणि विचारलं, "घरी रोज काय खाता?"

प्रश्न सोपा होता, पण क्रेनवाला बुचकळ्यात पडला. त्यांच्या घरात स्वयंपाक असा होतच नव्हता. ज्याला भूक लागेल त्याने कपाट उघडायचं, पाकीट फोडायचं, उकळतं पाणी ओतायचं किंवा ओव्हनमध्ये सरकवायचं आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन खायचं. बायको घरीच लोकांचे कपडे आल्टर करून द्यायची. शिलाई मशीनवरून उठायला तिला सवड नसे. त्याचा स्वतःचा यायचा-जायचा नेम नव्हता. थोरली कॉलेजातून परतायची तेव्हा धाकटी अंथरुणात शिरलेली असायची. आणि सासरे, म्हणजे बायकोचे वडील, निवृत्त बस कंडक्टर, गेली काही वर्षं लेकीकडेच राहणारे; त्यांना डबाबंद सूप म्हणजे अमृत. हे सगळं बाईंना कुठून सांगायला सुरुवात करायची ते त्याला समजेना. तो म्हणाला, "मिळेल ते."

"म्हणजे पाकिटातलं," बाई म्हणाल्या. त्यांनी असे बरेच बघितले असावेत. "त्यात मीठ किती असतं याची कल्पना आहे तुम्हाला? आजपासून पाकीट, डबा, सॉस, सगळं बंद. भाजी आणा, डाळ आणा, घरी शिजवा. मीठ जवळजवळ नाहीच. आणि शिजवताना चाखू नका. चाखलं की हात मिठाकडे जातो. सुरुवातीला जीभ रुसेल. मग ताळ्यावर येईल आणि बिनमिठाचंही चवदार लागायला लागेल. चव लागायला लागली की समजा, गाडी रुळावर आली."

"आणि क्रेन?"

"तोवर गेटवर. दोन महिन्यांनी बघू. आकडा खाली आला तर तुम्ही वर. नाही आला तर गेट कायमचं. वर बसल्या बसल्या तुम्हाला काही झालं, तर ते एकट्या तुमच्यावर भागणार नाही."

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही. पण जन्मभर गेटवर बसून ट्रकांचे नंबर टिपायचे, ही कल्पनाच त्याला सहन होईना. मान वर करून क्रेनकडे बघायचं आणि वर दुसराच कुणीतरी बसलेला दिसायचा. त्यापेक्षा कोबी चिरणं परवडलं.

घरी येऊन त्याने कपाट रिकामं करायला घेतलं. नूडल्सची पाकिटं, सूपचे डबे, सूपमध्ये चुरायच्या खारट चवीच्या वड्या, सॉसच्या बाटल्या, नुसतं पाणी घालून होणारे बटाटे, सगळं एका खोक्यात भरून त्याने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला देऊन टाकलं. शेजारी खूश झाला. सासरे सूपच्या डब्यांना निरोप द्यायला दारापर्यंत आले.

"जावईबापू, एखादा तरी राहू द्या," ते म्हणाले. "आजारपणासाठी."

"मामा, आजारपण यानेच येतं."

"मला तर इतकी वर्षं आलं नाही," सासरे पुटपुटले आणि आत जाऊन बसले.

पहिला आठवडा म्हणजे नुसती त्रेधातिरपीट होती. गेटवरची ड्युटी दुपारी संपायची. येताना तो भाजी आणायचा, ओट्याशी उभा राहायचा आणि मोबाइलवर बघून बघून शिजवायचा. पाच टन वजन बोटाच्या टोकाने इंचभर सरकवणारा माणूस, पण कांदा त्याला एकसारखा चिरता येईना. डाळीचं सूप करायचा, बटाटा आणि गाजर घालून भाजी करायचा, अंडी करायचा. डॉक्टरीणबाईंचा शब्द म्हणजे शब्द, चाखायचं नाही म्हणजे चाखायचंच नाही. शिजलं की झाकण ठेवायचा आणि गेटवरची धूळ धुवायला न्हाणीघरात जायचा. बाहेर आला की सगळे ताटं घेऊन बसायचे. इतकी वर्षं कधी एकत्र न बसलेली माणसं आता एका टेबलाशी कोपराला कोपर लावून बसत होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

जेवण मात्र भयंकर असायचं. डाळ म्हणजे कोमट पाणी आणि भाजी म्हणजे ओला कागद. धाकटीने तर एकदा घास तोंडात धरूनच ठेवला, तो खाली जाईना आणि बाहेरही येईना. क्रेनवाला सगळ्यांच्या ताटांकडे बघायचा, आपल्या ताटाकडे बघायचा, आणि उरलेलं पातेलं घासायला घ्यायचा तेव्हा त्याचे खांदे पडलेले असायचे. एकदा तो स्वतःशीच म्हणाला, "मी काही इथे टिकत नाही." तो स्वयंपाकघराबद्दल बोलत होता की नोकरीबद्दल, ते कुणालाच नीट कळलं नाही. विचारायचंही धाडस झालं नाही.

आणि मग, दुसऱ्या आठवड्यात कधीतरी, चव आली.

अगदी हळूच आली. आधी डाळीत काहीतरी जाणवलं. मग एका संध्याकाळी टोमॅटोची भाजी खाताना तो थांबला, चमचा बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. भाजी चांगली लागत होती. चांगली काय, फक्कड लागत होती. त्याने सगळ्यांचे चेहरे बघितले. सासरे मन लावून जेवत होते. थोरलीने पुन्हा वाढून घेतलं. धाकटी पावाने ताट पुसत होती.

"तुम्हालाही लागतेय ना चव?" त्याने विचारलं.

"लागतेय की," सासरे म्हणाले.

"बाबा, तुमच्या हातालाच चव आहे," थोरली म्हणाली.

"मीठ नाहीये यात," तो म्हणाला. "नावालाही नाही. बाई म्हणाल्या होत्या, जीभ ताळ्यावर येते म्हणून. सगळ्यांच्या एकदमच आल्या."  बायको मान खाली घालून जेवत होती, तिने फक्त "हं" केलं.

त्यानंतर त्याला घरच्यांनी असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की त्यापुढे क्रेनची उंची काय! आज काय करणार, उद्या काय करणार, अशी विचारणा व्हायला लागली. तोही पेटला. गेटवर बसून वांगी कशी भाजायची ते ड्रायव्हर लोकांना समजावून सांगायला लागला. एका मुकादमाला त्याने अर्धा तास उभं करून डाळीचे प्रकार सांगितले. तो मुकादम नंतर दुसऱ्या गेटने जायला लागला. दोन महिन्यांची वाट बघायची गरजच काय, असं वाटून मध्येच तो मोठ्या तोऱ्यात डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि दंड पुढे केला.

बाईंनी पट्टा फुगवला. आकडा होता तिथेच होता. किंबहुना दोन घरं वरच सरकला होता.

"बाहेर खाताय का?" त्यांनी विचारलं.

"एक घास नाही."

"मीठ?"

"नावालाही नाही. आणि बाई, चव आली. तुम्ही म्हणालात तशी. घरातल्या सगळ्यांना आली."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "बघू. अजून दिवस आहेत."

क्रेनवाला घरी परतला तो चक्रावूनच. दोन आणि दोन मांडून बघितले तर चार व्हायला तयार नव्हते. जे सांगितलं ते केलं, जे होईल म्हणाल्या ते झालं, मग आकडा का हलत नाही? त्याने घरी येऊन सगळ्यांना आकडा सांगितला.  सासरे म्हणाले, यंत्रं बिघडलेली असतात, आमच्या तिकिटाच्या मशीनचंही तसंच व्हायचं. मग त्याने स्वतःचं यंत्र विकत आणलं. त्यातही तोच आकडा आला. त्याने पावावर संशय घेतला आणि पाव बंद केला. पाण्यावर संशय घेतला आणि पाणी उकळून प्यायला लागला. सासऱ्यांवर संशय घेतला आणि त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले. त्यात जुनी तिकिटं आणि एक कंगवा निघाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी त्याने स्वतःवर संशय घेतला. झोपेत उठून काही खातो की काय म्हणून बायकोला लक्ष ठेवायला सांगितलं.

"झोपेत कुठे जात नाही तुम्ही," ती म्हणाली. "मी जागीच असते बऱ्याचदा."

"का?"

"अशीच," ती म्हणाली आणि मशीनमध्ये दोरा ओवायला लागली.

मग तो रविवार आला. बायकोच्या मावसबहिणीला बाळ झालं होतं, ते बघायला सगळे गेले. क्रेनवाला एकटाच घरी राहिला. दुपारी त्याने नेहमीसारखंच डाळीचं सूप केलं. तीच डाळ, तेच गाजर, तोच कांदा. झाकण ठेवलं, आंघोळ करून आला, वाटीभर वाढून घेतलं आणि पहिला चमचा तोंडात घातला.

काहीच लागलं नाही. निव्वळ गरम पाणी.

त्याने दुसरा चमचा घेतला. तेच.  आपल्या जिभेला काहीतरी झालं, रक्तदाब डोक्यात चढला आणि चवीची शीर बंद पडली, अशी त्याने मनाशी समजूत करून घेतली. उठून साखर खाल्ली. साखर गोड लागली. लिंबू चाटलं, आंबट लागलं. कच्चा कांदा चावला. डोळ्यात पाणी आलं. जीभ शाबूत होती. मग पुन्हा सूप प्यायला. गरम पाणी.  चोराने घर फोडावं आणि फक्त चव घेऊन जावं, असं काहीतरी झालं होतं.

संध्याकाळी मंडळी परतली. बाळ कुणासारखं दिसतं यावरून सासऱ्यांचं आणि थोरलीचं जुंपलं होतं. क्रेनवाल्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? पातेलं गॅसवर पुन्हा गरम करायला ठेवलं आणि डोकं शांत व्हावं म्हणून दुसऱ्यांदा आंघोळीला गेला. बाहेर आला तर सगळे टेबलाशी बसलेले. त्याने भीत भीत चमचा तोंडात घातला.

सूप फक्कड झालं होतं.

तो तसाच उठून उभा राहिला. केसांतून पाणी ओघळत होतं, खांद्यावर टॉवेल होता. सगळ्यांचे चमचे वाटेतच थांबले.

"हे दुपारी पाणी होतं," तो म्हणाला. "मी स्वतः प्यायलो. आत्ता मी न्हाणीघरात गेलो तेव्हाही पाणीच होतं. मी आत असताना पातेल्याजवळ कोण गेलं?"

  धाकटीने खिशातून चुरगळलेला चकचकीत कागद काढून टेबलावर ठेवला. चवीच्या वडीचा कागद होता तो.

"मी एकच घालते," ती म्हणाली. "चुरून. खालच्या काकांकडून आणते. तुम्ही रोज रडवेले व्हायचात, म्हणून."

"वडी?" सासरे एकदम म्हणाले. "तू वडी घालतेस? अगं, मग मी कशाला..." आणि ते थांबले. पण उशीर झाला होता.

"मामा?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. "चमचाभर मीठ. सपाट चमचा. तुम्ही एवढं राबता, पोरं ताटाला हात लावत नाहीत. बघवेना हो. मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय."

आता सगळे थोरलीकडे बघायला लागले. ती रडायला लागली होती. "मी सॉस," ती म्हणाली. "तो काळा सॉस. माझ्या कपाटात बाटली आहे. पण मला वाटलं मी एकटीच..."

तिघांनाही तसंच वाटलं होतं. तिघंही एकमेकांच्या नकळत, रोज, तो साबण लावत असताना, एकामागून एक ओट्याशी जाऊन त्याचं पातेलं सुधारत होते. आणि तो बाहेर येऊन आपल्या हाताची चव चाखत होता. पाकिटातून येत होतं त्याच्या दुप्पट मीठ घरच्या ताज्या स्वयंपाकातून त्याच्या पोटात गेलं होतं, तेही प्रेमाने. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी कुणालातरी एक ठेवून द्यावी असंही वाटलं. कुणाला, ते ठरेना. त्याने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"आणि तू?" त्याने बायकोला विचारलं.

"मी? मी चिमूटभरही घातलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

त्याला हायसं वाटलं. निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचं निघालं, असं म्हणून त्याने पातेलं मोरीत ओतलं. सगळ्यांनी त्या दिवशी फळं खाल्ली.

पुढच्या दिवशी तो गेटवरून आला तेव्हा ती मशीनशी बसून एका पँटची खालची शिवण उसवत होती. त्याला बोलायचं होतं. मशीनशेजारी स्टूल होतं, त्यावर कपड्यांचा ढीग असायचा. तो त्याने खाली ठेवला आणि बसला. तिच्या शेजारी असा तो कधी बसला नव्हता. बसल्यावर सहज मान वर केली, आणि समोर गॅस दिसला. स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं. गॅस, ओटा, पातेल्याचं झाकण, मिठाच्या बरणीचं फडताळ, सगळं तिथून नजरेच्या टप्प्यात होतं.

त्याने मान तिरकी करून मिठाची बरणीही शोधून काढली.

"इथून सगळं दिसतं," तो म्हणाला.

"दिसतं," ती म्हणाली.

"ते तिघं..."

"दिसायचे."

"रोज?"

"रोज. आधी आमचे वडील, मग धाकटी. थोरली शेवटी. कधीकधी मागेपुढे."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सुई थांबवली. "बोलले असते तर आकडा खाली आला असता," ती म्हणाली.

त्याला आधी काही कळलंच नाही. आकडा खाली यायलाच तर हवा होता. सगळं त्यासाठीच तर चाललं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती पँटकडे.

"वारा सुटला की मी मशीन बंद करते," ती म्हणाली. "ठाऊक आहे तुम्हाला? मशीनच्या आवाजात वारा ऐकू येत नाही, आणि मला तो ऐकावा लागतो. किती वाढलाय, कमी झालाय का. अठरा वर्षं. लोक म्हणतात, तुमचं काम वेळेवर होत नाही. कसं होईल? तुम्ही गेटवर गेलात तेव्हापासून मी एकदाही मशीन बंद केलेलं नाही. मागच्या आठवड्यात एवढं वादळ झालं, मला दुसऱ्या दिवशी कळलं. अशी झोप लागते मला आता कधीकधी. आणि मग भीती वाटून जाग येते, की हे संपणार."

"अगं, पण माझ्या डोक्यातली शीर फुटली असती तर?"

"ते मला सुचलंच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की आकडा उतरला नाही तर तुम्ही खाली राहाल." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्ही बाईंकडून आलात, वर सरकलाय म्हणालात, तेव्हा सुचलं. तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवायची, आज सांगते. नाही सांगितलं."

क्रेनवाल्याला राग आला. तो रागाने उठला आणि तरातरा जिना उतरून रस्त्यावर गेला. भाजीच्या दुकानापर्यंत त्याला तिचा राग येत होता. पुढे औषधाच्या दुकानापाशी त्याला स्वतःचा राग यायला लागला, की एवढ्या वर्षांत आपण विचारलं कसं नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला पुन्हा तिचा राग आला, आणि परत फिरला तेव्हा नेमका कुणाचा यावा हेच समजेनासं झालं. वर केबिनमध्ये असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. वरून हे सगळं नीट दिसलं असतं. मग त्याच्या लक्षात आलं की वर बसूनच तर हे त्याला कधी दिसलं नव्हतं. तो कोबी घेऊन घरी आला.

डॉक्टरीणबाईंना त्याने सगळं सांगितलं. बायकोचं तेवढं सांगितलं नाही. बाईंनी त्याला आणखी मुदत दिली.

या वेळी मात्र त्याने झाकण ठेवलंच नाही. पातेलं उघडं असायचं आणि सगळ्यांनी समोर उभं राहून जे वाटेल ते बोलायचं, असं ठरलं. "बेचव," धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि त्याला का कोण जाणे बरं वाटलं. "कांदा अजून परता," सासरे म्हणाले, "चांगला काळसर होऊ द्या, घाई काय आहे, शेवटचा स्टॉप आहे का?" थोरलीने टोमॅटो जाळावर भाजून घातले. लिंबू पिळलं, लसूण वाढवला, कोथिंबीर देठांसकट चिरून टाकली. बायको मशीन सोडून गाजर चिरायला आली. तिने एकेक तुकडा टेपने मोजल्यासारखा एका मापाचा केला आणि बाकीच्यांची चिरलेली भाजी बाजूला सारली. जेवण कधी बरं व्हायचं, कधी सपशेल फसायचं. फसलं तर फसलं म्हणायचे आणि तेच खायचे. पाकिटांच्या चवीपुढे त्यात काही दम नव्हता. तरी हळूहळू, खरंच अगदी हळूहळू, गाजर गाजरासारखं लागायला लागलं. या वेळी क्रेनवाल्याने त्यावर भाषण केलं नाही. त्याचा आता चवीवर तेवढा विश्वास राहिला नव्हता.

तो आणि बायको एकमेकांशी सांभाळून बोलत होते. मीठ, वारा, क्रेन, हे तीन शब्द घरातून गेले होते.

मुदत संपली त्या शुक्रवारी बाईंनी पट्टा फुगवला, हवा सोडली आणि हसल्या. आकडा खाली आला होता, चांगला खाली. त्यांनी कागदावर सही केली. "सोमवारपासून वर," त्या म्हणाल्या.

तो घरी आला तेव्हा मुली बाहेर होत्या आणि सासरे फिरायला गेले होते. बायको ओट्याशी भांडी घासत होती. त्याने कागद ओट्यावर ठेवला. तिने ओले हात पदराला पुसले, कागद वाचला, आणि पाणी लागू नये म्हणून उचलून वर फडताळात ठेवला.

"छान झालं," ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं, आणि म्हणताना तिचा चेहरा उतरला. दोन्ही त्याला दिसलं.

त्याने येताना वाटेत बरंच काही ठरवलं होतं. मी माफ केलंय म्हणायचं, काळजी करू नकोस म्हणायचं, आता सुरक्षेचे नवे पट्टे आलेत, वाऱ्याचं मीटर आलंय, ते सगळं सांगायचं. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. त्याने विचारलं, "जाऊ का?"

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. जणू त्याने परक्या भाषेत काही विचारलं होतं.

"म्हणजे?"

"सोमवारी. वर जाऊ का? तू सांग. नको म्हणालीस तर मी गेटवर राहतो."

"राहाल?"

"राहीन." हे बोलून झाल्यावर, आपण खरं बोललो का हे तो स्वतःशी तपासून बघत राहिला. बहुतेक खरं होतं.

तिने नळ बंद केला.  "हे तुम्ही कधी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, तुम्ही पहिल्यांदा वर चढलात त्याच दिवशी. आता विचारताय, तर मला कळतच नाहीये. तुम्ही गेटवरून येता तेव्हा तुमचा चेहरा मला बघवत नाही. आणि वर जाता तेव्हा मला जगवत नाही. दोन्ही खरंच आहे. याचं काय करायचं असतं?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

"मलाही नाही."

 जिन्यात सासऱ्यांची पावलं वाजली, मग थांबली. ते खालच्या शेजाऱ्याशी बोलत होते. तिने पुन्हा नळ सोडला आणि पातेलं घासायला घेतलं.

"चढायच्या आधी फोन करता ना रोज," ती पाठमोरीच म्हणाली. "चढतोय म्हणून. तो करत जाऊ नका. उतरलात की करा. आधी नको, नंतर करा."

त्याने मान हलवली. पण तिची पाठ त्याच्याकडे होती, म्हणून मग तो तोंडानेही "बरं" म्हणाला.